सात बकाण

जुळे सोलापुरात आमच्या रस्त्याच्या रुंदीकरणात सात झाडं जाणार आहेत. त्यांची यादी करणारा महापालिकेचा माळी रोज दिसतो, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो झाडाकडे आधी बघतच नाही. खाली पडलेलं पान उचलतो, चुरगाळून हुंगतो, मग मान वर करतो.

'सात कडुनिंब वाचवा' अशी पत्रकं मी छापली, आणि ह्याच्या यादीत सातही झाडं म्हणजे कडुनिंबासारखेच दिसणारे बकाण! मी त्याला भर रस्त्यात गाठलं. "मामा, कडुनिंब म्हटलं तर लोक पेटतील, म्हणून नाव बदललंत ना?"

त्यानं खिशातून दोन डहाळ्या काढल्या. "ताई, लई वरडू नका. कडुनिंबाच्या काडीला दोनी बाजूनं सरळ पानं असत्यात. हिला बगा, काडीला परत बारक्या काड्या फुटल्यात. ह्यो बकाण."

मी सातही झाडांखाली जाऊन पानं पाहिली. सगळे बकाणच होते.

मग त्यानं माझा हरकतीचा अर्ज मागून घेतला, 'कडुनिंब' खोडून 'बकाण' लिहिलं आणि खाली पहिली सही स्वतःची केली. नोकरीत असलेल्या माणसानं!

"अहो, तोडायची यादी तुम्हीच दिलीत की!"

"व्हय. झाड कंचं, एवढंच इचारलं हुतं. तोडू का, ते कुणी इचारलंच न्हाय."

आता पत्रकांच्या गठ्ठ्यावर मी एकेक 'कडुनिंब' हातानं खोडते आहे. चिडायचं कुणावर, ते मात्र अजून ठरत नाही.