मामांचं क्वेट्ट्याचं फूल

माणसांपेक्षा दगडांची जास्त काळजी घेणारा गृहस्थ बेळगावच्या शहापुरात एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. मामा पिढीजात विणकर. हात मागावर, पण डोळे परसात. तिथे भर उन्हाच्या जागी त्यांनी काळ्या दगडांचा कमरेएवढा ढीग रचला होता आणि फटींत वाळू-मुरूम भरून कांद्यासारखे वीस-बावीस गड्डे पुरले होते. ते क्वेट्ट्याच्या डोंगरातल्या रानटी ट्युलिपचे. मामांचा धाकटा भाऊ तिथे पलटणीत होता. शेवटच्या रजेवर आला तेव्हा त्यानेच ते बिस्किटांच्या डब्यातून आणले. परत गेला तो लढाईवर, समुद्रापार. पुढे त्याची पत्रं बंद झाली.

या गड्ड्यांना पावसाचं पाणी चालत नाही, एवढं तो सांगून गेला होता. बेळगावच्या पावसाला ते ठाऊक नव्हतं. मग मामांनी स्वयंपाकघरावर घालायला आणलेले पत्रे दगडांवर घातले. "घरात माणसं भिजत्यात आणि ह्यांची दगडं कोरडी," मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मामांचं उत्तर ठरलेलं, "माणसाला जरा सरक म्हणता येतंय. गड्ड्याला कसं म्हणायचं?"

तीन वर्षं नुसती गवतासारखी पाती आली. "लसूण बरा आलाय, अण्णा," असं म्हणून शेजारी पुढे जात. चौथ्या वर्षी फाल्गुनात एक कळी आली. मामांनी अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलं. लोक आले ते कामं आटोपून, दिवेलागणीला. आणि हे फूल ऊन उतरलं की मिटतं. "मिटलंय की हे," एकजण म्हणाला. "उद्या दुपारी या," मामा म्हणाले. दुपारी मी एकटाच गेलो. बाहेरून लाल, आतून पांढरंशुभ्र फूल उघडलं होतं आणि मामा समोर बसून माशा हाकत होते.

"जावईबापू, तिकडं असला अख्खा डोंगर असतोय म्हणं. त्यो सांगत होता."

भावाचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही.

लढाई संपली आणि पुढच्या फाल्गुनात भाऊ शत्रूच्या कैदेतून सुटून घरी आला, निम्मा होऊन. मामांनी त्याला पाणीही पिऊ न देता हाताला धरून परसात नेलं. तीन फुलं उमलली होती. भावाने वाकून फुलं बघितली.

"अण्णा, ही अजून हाईत व्हय? तिकडं शेरडं खात्यात ही."

मामा इतके हसले की डोळे पुसावे लागले. ते किती वेळ पुसत होते, हे मामींनी पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या.

त्या वर्षी पावसाच्या तोंडावर मामांनी दगडांवरचे पत्रे काढले. मी म्हणालो, "मामा, गड्डे कुजतील."

"कुजू देत की. त्यो आलाय न्हवं आता," असं म्हणून ते मागावर जाऊन बसले.

गड्डे खरोखरच कुजले. त्या घरात त्याची हळहळ वाटली ती मला एकट्याला.