सून बँकेत हाय!

आमच्या ऑफिसातला डस्टबिन रोज रिकामा होतो, किस्से मात्र कोणी नेऊन टाकत नाही! ते साचतच राहतात. श्रीरामपुरात एका मेडिकलच्या वर आमची छोटीशी मार्केटिंग एजन्सी. मालकीण विद्या मॅडम, डिझायनर सॅम आणि लिहायचं-बोलायचं काम बघणारी मी, रूपाली. फ्लेक्सपासून रील्सपर्यंत सगळं आम्ही तिघंच करतो.

मी रोज देवळाली प्रवराहून बसने येते. नोकरी लागली तेव्हा माझ्या सासऱ्यांना, आण्णांना, हे काम काही केल्या समजेना. "माल चांगला आसंल तर गिऱ्हाईक वास काढत येतं. जाहिरात कशापायी?" शेवटी म्हणाले, "दिवाळीपत्तुर कर. मग बघू."

आमच्या घरात 'मग बघू' म्हणजे 'नाही'. पाहुण्यांना तर ते सरळ सांगायचे, "सून बँकेत हाय!"

*

पहिल्याच महिन्यात एक वाढदिवसाचा फ्लेक्स आला. शुभेच्छुकांमध्ये दोन चुलतभाऊ. पहिला स्क्रीनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "माझं डोकं त्याच्यापरीस बारीक का?"

सॅम म्हणाला, "त्यांनी फेटा बांधलाय ना, दादा."

झालं! दुसऱ्या दिवशी हा फेटा बांधून हजर. ते कळल्यावर दुसरा आणखी मोठा फेटा बांधून आला. फेटे वाढत गेले आणि जागा संपली. मी घाबरत विचारलं, "वाढदिवस ज्यांचा आहे, त्यांचा फोटो कुठे बसवायचा?"

दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. "त्याला समदं गाव वळखतं. निस्तं नाव टाका!"

*

मग आले कोपरगावकडचे एक गुऱ्हाळवाले काका. रील करायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "काका, पाठ केलेलं नको. मनातलं बोला."

काका कॅमेऱ्यात बघून मनातलं बोलले. "आमचा गूळ काळपट दिसतो, पर चवीला लई भारी. पिवळाधमक पायजे आसंल तर शेजारच्या गुऱ्हाळावर जावा, तिथं मिळंल."

आम्ही कापायला निघालो, तर काका कापू देईनात. खोटं कशाला बोलायचं म्हणे! रील तसंच गेलं. दोन दिवसांनी तो शेजारी ऑफिसचा जिना चढून आला. आता भांडण होणार म्हणून सॅमने दार अडवलं. तर त्याच्या हातात गुळाची ढेप! "लई गिऱ्हाईक आलं हो तुमच्यामुळं!"

आम्ही काकांना घाबरतच फोन केला. काका शांतपणे म्हणाले, "मग पुढच्या जाहिरातीत त्याला बोलाया लावा. त्यो माझं नाव घील!"

आणि खरंच घेतलं की!

*

सगळेच दिवस असे गोड नसतात. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एक साडीचं दुकान, एका फोनवर गेलं. कारण काय? "भाच्यानं नवा मोबाईल घेतलाय, आता त्योच करील." मॅडमनी फोन ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. सॅमने चहा सांगितला.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीला ताप आला. मी सुट्टी मागायला फोन केला, तर मॅडम स्वतःच लॅपटॉप घेऊन देवळालीला आल्या! ओट्यावर बसून माझंही काम त्यांनीच उरकलं. अशी मालकीण मिळायला नशीब लागतं, हे मी तेव्हाच देवापुढे बोलून टाकलं.

आण्णा बराच वेळ लांबून बघत होते. मग जवळ आले. "बाई, तुमी नेमकं इकता तरी काय?"

मॅडम म्हणाल्या, "काहीच नाही, आण्णा. विकतात लोक. आम्ही त्यांच्या वतीने नुसत्या हाका मारतो."

आण्णा विचारात पडले. आत गेले आणि सासूबाईंना म्हणाले, "बाईंच्या चहात आलं जास्ती टाक. दिसभर हाका मारायच्या म्हंजे घसा बसत आसंल!"

*

दिवाळी जवळ आली. नोकरी सोडते, हे मॅडमना कसं सांगायचं याची मी बसमध्ये मनातल्या मनात तालीम करत होते. त्या दिवशी माझा वाढदिवस होता. घरात कोणाच्या लक्षातही नव्हता, असं मला वाटत होतं.

देवळालीच्या स्टँडवर उतरले आणि पाय तिथेच थबकले. समोर भला मोठा फ्लेक्स. त्यावर मी! खाली ठसठशीत अक्षरात: 'आमच्या मार्केटिंगवाल्या सूनबाईंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!'

मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. सॅमचा लगेच फोन. "अगं, हा तर आपल्या ऑफिससमोरच्या फ्लेक्सच्या दुकानातला! मला तो फॉन्ट पाठ आहे."

घरी पोचले. आण्णा ओट्यावरच होते. डोळे पुसत मी लटक्या रागाने विचारलं, "आण्णा, सून मार्केटिंगवाली आणि फ्लेक्स दुसऱ्याच्या दुकानातून?"

"तुमच्याकडं दिला आसता तर तुला आधीच कळलं नसतं व्हय?"

"आणि शुभेच्छुकात तुमचा फोटो एवढुसा? तोही पार कोपऱ्यात?"

"मला समदं गाव वळखतं. तुला वळखाया पायजे."

 मग मी धीर करून विचारलंच, "आण्णा, दिवाळीनंतरचं काय? तुम्ही म्हणाला होतात, मग बघू."

आण्णांनी टोपी सारखी केली.

"व्हय, म्हनलो हुतो. बघितलं की!"