उंबऱ्याबाहेरचं कालवण

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कोंबडी शिजवणारा माणूस दर चुलीमागे एक सापडेल, पण कोंबडीला काहीही न करता शिजवणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. ‘काहीही न करता’ हे शब्द त्यांचेच. त्यांच्या मते आजवर कोंबडीचं जेवढं वाटोळं झालं, ते लोक तिचं काहीतरी करायला गेले म्हणून झालं. एरवी दोन साडूंमध्ये सासुरवाडीबद्दलच्या तक्रारी सोडल्या तर सामाईक असं काही नसतं. आमच्यात कोंबडी आहे. तेवढ्या बळावर मी गेली कित्येक वर्षं साताऱ्याहून गाड्या बदलत तासगावजवळच्या त्यांच्या मळ्यात रविवारचा जेवायला जातो आणि संध्याकाळी पोटावरून हात फिरवत परत येतो. माझी बायको म्हणते, एवढ्या ओढीनं तुम्ही माझ्या माहेरी कधी गेला नाहीत. ते खरं आहे. तिच्या माहेरी वांगं करतात.

साडूभाऊ एस.टी.त ड्रायव्हर होते. उभी हयात त्यांनी कोयनेकडच्या वस्तीच्या गाड्यांवर काढली. संध्याकाळी घाट चढून एखाद्या गावात गाडी लावायची, तिथंच मुक्काम करायचा आणि पहाटे तीच गाडी खाली आणायची. बाहेर धो धो पाऊस, गावात हॉटेल नाही, अशा वेळी कंडक्टरनं कुणाच्या तरी परड्यातून कोंबडी पैदा करायची आणि यांनी ती गाडीच्या आडोशाला स्टोव्हवर शिजवायची. जवळ सामान काय, तर मीठ, हळद, लसणाचा गड्डा, कांदे आणि घरनं आणलेली चटणी. तिथं जे जमलं तेच त्यांनी पुढं धर्म म्हणून पाळलं. खोबरं नाही, खसखस नाही, गरम मसाला तर नावालाही नाही. निवृत्तीनंतर गाडी सुटली, पण भाषा सुटली नाही. जाळ कमी करायचा असला की ते ‘उतार आला’ म्हणतात, आणि कालवणाला उकळी येईना झाली तर ‘घाटात गिअर टाकायचा राहिला’ असं सांगून लाकूड पुढं सारतात. शिजताना चव मात्र घेत नाहीत. एकदा मी पळी पुढं केली तर म्हणाले, “पाव्हणं, ड्रायव्हरनं चालू गाडीत प्याशिंजराच्या डब्यात हात घालायचा नसतो.”

बाहेरच्या खाण्यावर त्यांचा राग नाही, नुसता अविश्वास आहे. आम्ही सगळे एकदा महाबळेश्वरला गेलो होतो. तिथल्या एका हॉटेलात त्यांच्यापुढं लालभडक रश्शात बुडालेलं, वर सायीची रेघ ओढलेलं काहीतरी आलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग वेटरकडून त्यांनी गरम पाणी मागवलं. वेटरला वाटलं, आजोबांचा घसा धरला असेल. साडूभाऊंनी त्यातला एक तुकडा उचलला, ग्लासात बुचकळला, चांगला खंगाळून काढला आणि उजेडाकडं धरून मला म्हणाले, “तोंड धुतल्याबिगर माणूस वळखू येतो व्हय?” माझी बायको तोंडाला पदर लावून बाहेर स्ट्रॉबेरी घ्यायला गेली ती आमचं जेवण उरकेपर्यंत आली नाही. पुढं तिनंच त्यांना मोबाइलवर कोंबडीच्या कसल्याशा शाही प्रकाराचा व्हिडिओ पाठवला. तो त्यांनी मन लावून पाहिला, काजू वाटून झाले, केशर दुधात पडलं, आणि मग त्यांनी शांतपणे फोन लावून विचारलं, “ह्यात कोंबडी कवा येतीय?”

त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकात ती सुरुवातीलाच येते, चालत येते. कोंबडी घ्यायची तर ती आधी चालताना बघायची, असा त्यांचा नेम आहे. बसल्या कोंबडीची चवही बसकी, असं ते म्हणतात. पोल्ट्रीच्या कोंबडीला मात्र ते कधी नावं ठेवत नाहीत. “ती नोकरदार हाय, तुमच्यावानी. तिला हिंडायला कवा मिळालं?” असं म्हणून तिला ते थोडा लसूण जास्त घालतात. जळण म्हणून फक्त द्राक्षाच्या छाटणीच्या वाळलेल्या काड्या. आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून कोंबडी पाण्यात शिजवायची. त्या पाण्याला आमच्याकडं अळणी म्हणतात. ते कपबशीतून चहासारखं सगळ्यांना पाजायचं आणि पिताना कुणी बोलायचं नाही. एकदा मी पहिल्या घोटाला ‘वा’ म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी देवळात शिट्टी वाजवली. मग कढईत कांदा परतायचा, त्यात चटणी सोडायची, शिजलेले तुकडे आणि उरलेलं अळणी घालायचं, की झालं कालवण. भाकरी, कालवण, फोडलेला कांदा. मी साताऱ्यात हे सगळं असंच्या असं करून पाहिलं आहे. माझं जे होतं त्याला माझी बायको ‘आजाऱ्याचं जेवण’ म्हणते.

त्याचं कारण कढईत नाही, ते मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसतं. साडूभाऊंची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. आक्का माळकरी. ऐन तरुणपणी तिनं तुळशीची माळ घातली आणि तेव्हापासून कोंबडी घराच्या उंबऱ्याबाहेर गेली. भांडी वेगळी, ती गोठ्याच्या भिंतीला टांगलेली. चूल वेगळी, ती बेदाण्याच्या शेडच्या आडोशाला. पुरुषांनी बाहेर करायचं, बाहेर खायचं, भांडी बाहेरच घासायची आणि चुळा भरून आत यायचं. आमच्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत. पण बाकीच्या घरांतल्या माळकरणी त्या वेळी दार लावून घेतात. आक्का दार उघडते, उंबऱ्यावर चुलीकडं पाठ करून बसते, मेथी निवडायला घेते आणि मान न वळवता हुकूम सोडते.

“आवं, कांदा कच्चा हाय अजून.”

“बरं.”

“आता सोडा चटणी. जाळ वढा जरा.”

“वढला.”

“मीठ कमी पडलंय.”

मिठाला वास नसतो असं मी शाळेत शिकलो होतो. आक्काच्या उंबऱ्याशी बसल्यापासून मी तो विषय काढत नाही. तिनं सांगितल्यावर साडूभाऊ चिमूटभर मीठ टाकत आणि कालवण जागेवर येई. जेवताना पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केलं की ते मिशीवरून हात फिरवत म्हणत, “अंदाज लागतो.” आत आक्का आपल्या पिठलं-भाकरीच्या ताटावर बसलेली असे, ती नुसती हसे. त्या घरात कोंबडी दोघं मिळून करत, एक हातानं आणि एक नाकानं, आणि यातला मोठा वाटा कुणाचा हे दोघांनाही ठाऊक होतं. जी गोष्ट तिनं सोडली होती तिच्या भोवती बसायची तेवढी एक जागा तिला होती. त्यांनी ती तिला कधी दिली नव्हती, आणि तिनंही मागितली नव्हती. ती होती.

मग गेल्या थंडीत आक्काला ताप आला. पडशाचा साधा ताप, आला तसा गेला. आक्का पुन्हा कामाला लागली. त्याच सुमारास त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही वाईचे, मोठी सभ्य माणसं, आणि खाण्यापिण्यातली दर्दी म्हणून प्रसिद्ध. साडूभाऊंनी सुपारी फुटल्यापासून त्यांच्यापुढं आपल्या कालवणाची इतकी आरती ओवाळली होती की व्याह्यांनी शेवटी स्वतःच विचारलं, येऊ कधी? रविवार ठरला. आब राखायला म्हणून मलाही बोलावणं आलं. साडूभाऊंनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्यावर कालवण उडू नये म्हणून ड्रायव्हरकीचा जुना खाकी शर्ट चढवला होता. इतक्या तणावात असलेला माणूस मी लग्नाच्या मांडवातही पाहिला नाही.

अळणी उत्तम झालं. वाईकरांनी ते न बोलता प्यायलं, हे पाहून साडूभाऊंचा चेहरा उजळला. पाहुणे पुढच्या अंगणात जाऊन बसले आणि यांनी कढईत कांदा टाकला. मी शेजारी होतो. आक्का उंबऱ्यावर, पाठ करून, मेथी घेऊन. कांदा गुलाबी झाला, लालसर झाला. साडूभाऊ तिच्या पाठीकडं बघत होते.

“बघ गं, कसा हाय?”

“कच्चा हाय अजून.”

कांदा तांबूस झाला. मग तपकिरी.

“आता?”

“थांबा की. घाई कशाला?” आक्का निवांत मेथी खुडत होती.

आता धूर निघाला. मला ठसका लागला. मी खाली वाकून कुजबुजलो, “साडूभाऊ, करपतोय. उतरवा.”

ते माझ्याकडं न बघता तितक्याच हळू म्हणाले, “मला नाक हाय, पाव्हणं.”

आणि त्यांनी कढई उतरवली नाही. हातात उलथनं घेऊन तो माणूस तसाच उभा राहिला. पुढच्या अंगणात त्याची आयुष्यभराची कीर्ती ताट मांडून बसली होती, आणि डोळ्यांदेखत कढईत कांद्याचा कोळसा होत होता. आक्का म्हणाली, “हां, आता सोडा चटणी.” तेव्हाच त्यांनी चटणी सोडली.

कालवण कडूजहर झालं. व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा जबडा मधेच थांबला. साडूभाऊ वाढता वाढता म्हणाले, “आमच्या हिकडं कांदा जरा करपूनच घ्यायची पद्धत हाय. तासगावी चव.” तासगावात असली काही पद्धत नाही. पण व्याही सभ्य, त्यांनी मान डोलावली आणि वर रस्सा मागून घेतला. आतून आक्कानं विचारलं, “झालंय का बरं?” साडूभाऊ म्हणाले, “एक नंबर.” मी भाकरी कुस्करली.

जेवणं झाल्यावर मी त्यांच्याबरोबर हौदावर भांडी घासायला बसलो. खरवडून खरवडून कढईचं बूड निघेना. मग तेच बोलले. “ताप गेला, पर जाताना तिचा वास घिऊन गेला. परवा दूध लागलं, घरभर धूर, आन् ही शेजारी बसून दिवा लावतीय. तिनं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. डॉक्टर म्हणतो, येईल कवातरी.”

“मग तुम्ही तरी उतरवायची होती,” मी म्हणालो. “आज व्याही होते.”

त्यांनी कढई पालथी घातली. “मी मनानंच उतरवली असती, तर तिनं उंबऱ्यावर बसायचं कशाला?”

या माणसाला मी वर्षानुवर्षं केवळ कोंबडीसाठी भेटत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते प्रेमच होतं, त्याला दुसरं नाव नाही. अर्थात मी ते बोललो नाही. साडूला असलं काही सांगायची आपल्यात रीत नाही. मी दुसरं भांडं घासायला घेतलं.

वाईकरांचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. लग्नानंतर महिन्याभरानं त्यांनी साडूभाऊंना आणि मला वाईला जेवायला बोलावलं. ताटात कोंबडी आली, काळीकुट्ट. विहीणबाई पुढं येऊन अदबीनं म्हणाल्या, “खास तुमच्यासाठी कांदा करपवून केलंय. जमलंय का बघा.” साडूभाऊंनी ते सगळं संपवलं आणि वर वाटीही पुसून खाल्ली.

परवा मी पुन्हा मळ्यात गेलो होतो. काड्यांचा जाळ तोच, खाकी शर्ट तोच, आक्का उंबऱ्यावर पाठ करून. माझी नजर कढईवर. कांदा लालसर झाला, नेमका हवा तसा. साडूभाऊ हलकेच खाकरले आणि म्हणाले, “बघ गं, कसा हाय?”

“झाला की. सोडा चटणी.”

मला आनंद झाला. पाणी प्यायला म्हणून मी आत गेलो आणि आक्काला म्हणालो, “आक्का, वास यायला लागला वाटतं.”

आक्कानं चुलीकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. “कशाचा येतोय. ते खाकरलं की मी ‘झाला’ म्हणती. त्यास्नी वाटतं, मला कळत न्हाई.” मग मेथीची काडी मोडत म्हणाली, “त्यांना सांगू नका हां, पाव्हणं. लय हौसंनं इचारत्यात.”

कांद्याचं असं भागतं. मिठाचं मात्र दिसत नाही, त्यामुळं ते खाकरणार कशावर? आक्का आपली सवयीनं सांगते, “मीठ कमी पडलंय,” आणि साडूभाऊ आधीच बेतानं घातलेल्या मिठावर पुन्हा चिमूट टाकतात. हल्ली त्यांचं कालवण थोडं खारट होतं. मी पानावर बसलो, भाकरी मोडली, पहिला घास घेतला. साडूभाऊ पळी घेऊन समोर उभे होते, आणि उंबऱ्यावर मेथी निवडायचा हात थांबला होता.

“मीठ बरोबर आहे,” मी आतपर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, आणि वाटी पुढं केली.