मुकुटबनची लाइन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही.

त्या वर्षांत कपाशीवर फवारणी करता करता माणसं विषबाधेनं पडत होती. यवतमाळच्या एका संस्थेत मी राउटर सांभाळायचो. खेड्यांतल्या नर्सबाई पेशंटला पडद्यावर आमच्या डॉक्टरांना दाखवायच्या. ते सगळं त्या राउटरमधून यायचं. कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं, हे नियम मी लिहायचो. राउटर ते वरून खाली वाचतो. जो पहिला लागू पडला, तोच खरा — पुढचं तो वाचतच नाही.

मुकुटबनच्या नर्स सुनंदाताईंनी आमच्या साहेबांकडे माझी तक्रार केली — हा फोन उचलत नाही म्हणून. खोटी होती का? नाही. तरी मी काय केलं? सगळ्यात वर एक ओळ टाकली: यांचा संगणक अडवा. अडवलेल्याला काही कळू नये, अशीच सोय होती. तो हाका मारत राहतो. पलीकडे शांतता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन. "भाऊ, लाइन चालू हाये ना? कोलामाच्या पोडावरच्या मारोतीले फवारणीचं इख चढलं, अन् डॉक्टरसाहेब दिसूनच नाही राह्यले."

"लाइन चालू आहे," मी म्हणालो. "तुमचंच मशीन बघा."

किती हाका अडवल्या, त्याचा आकडा त्या ओळीपुढे दिसतो. तो चढत होता. मी बघत होतो. एक ओळ पुसायला वेळ तो काय लागतो? — पण लाइन लगेच सुरू झाली असती, आणि त्यांना कळलं असतं.

पुन्हा फोन. "आम्ही जीपमंदी हावो, वणीले नेतो त्याले. खोलीले कुलूप लावलं."

आकडा मात्र थांबेना. संगणक चालू राहिलाय, आपोआप प्रयत्न करतोय — हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी अंगावर काटा आला. त्या बंद खोलीतून कुणीतरी ठोठावत होतं, सारख्या अंतरानं, न थकता. तेव्हा मी ओळ पुसली.

शेजारच्या खोलीत डॉक्टरांच्या पडद्यावर मुकुटबन उमटलं. रिकामी खाट, चुरगळलेली चादर.

"आली लाइन," डॉक्टर म्हणाले.

मारोती वणीच्या अलीकडेच गेला.

पुढे कळंबला, चिंतामणीच्या देवळात, सुनंदाताई भेटल्या. नोकरी सोडली होती त्यांनी. "मलेच मशीन नाही जमली, भाऊ," त्या म्हणाल्या. "थे पोरगं माह्या हातून गेलं."

मी होकाराची मान हलवली. होय, अशी.