कामावर येणारा माणूस

“मॅडम, पेशंटला एवढ्या पहाटे उठून जायचंय कुठे?” वंदनाताईंनी हसत हसत विचारलं.

“हिंजवडीला. नोकरीवर,” मी म्हटलं.

त्यांचं हसू जरा ओसरलं. वंदनाताईंची केअरटेकर पुरवणारी एजन्सी आहे. पेशंट म्हणजे सुहास, वय छत्तीस. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या सूचनांत गडबड होते, त्यामुळे हातपाय आखडतात आणि बोलणं सावकाश येतं. डोकं मात्र अगदी तल्लख. एकदा तो बोलायला लागला की समोरच्याने जपून बसलेलं बरं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आंघोळ, कपडे, जेवण, काम या रोजच्या गोष्टी माणसाला जमाव्यात म्हणून वाट काढून देणं, हा माझा व्यवसाय.

सुहासला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली होती. व्हीलचेअर चढेल अशी कंपनीची कॅब सोमवारपासून सकाळी दारात येणार होती. वंदनाताईंचा माणूस यायचा दहाच्या सुमारास. आल्यावर चहा, मग सुहासच्या आईबरोबर, म्हणजे काकूंबरोबर, आदल्या दिवशीच्या मालिकेवर चर्चा, मग सवडीने आंघोळ. त्यातही अर्धं काम काकूच करायच्या. सुहासला सगळे ‘बाळा’ म्हणायचे.

“आमची वेळ दहाचीच,” वंदनाताई म्हणाल्या. “बघा बाई, जमतंय का.”

जमत नव्हतं. एजन्सी बदलायची, असं सुहासने त्याच दिवशी ठरवलं. काकू हादरल्या.

“अरे, त्यांना काय वाटेल? माझं ऑपरेशन झालं तेव्हा वंदनाताईंनी आठवडाभर डबा पाठवला होता.”

सुहासने वाक्य जुळवायला वेळ घेतला. मी मध्ये बोलले नाही. त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

“आई, त्या डब्याचे उपकार… मी दुपारी आंघोळ करून… फेडू का?”

काकूंची भीड मात्र काही गेली नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

नव्या एजन्सीचे कोऑर्डिनेटर कुलकर्णी घरी आले. खुर्ची ओढून काकूंसमोर बसले आणि विचारलं, “हे तिखट खातात का?”

“खातो,” सुहास म्हणाला. “बोलतोही.”

कुलकर्णी ओशाळले. “माफ करा,” म्हणत त्यांनी खुर्ची सुहासकडे वळवली. मला तिथेच माणूस बरा वाटला. मग सवयीने म्हणाले, “काळजी करू नका सर, आमची मुलं अगदी घरच्यासारखं करतात.”

“घरचे आहेत घरात,” सुहास म्हणाला. “मला कामावर येणारा माणूस हवाय. वेळेवर यायचं. अहो म्हणायचं. हात लावण्याआधी विचारायचं.”

काकूंनी कपाळाला हात लावला. कुलकर्णी मात्र गंभीरपणे म्हणाले, “हे जमेल.”

आता राहिला हॅंडओव्हर, म्हणजे जुन्याने नव्याला काम समजावून देणं. सुहासला पलंगावरून खुर्चीत घेणं, याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो. त्याची पद्धत जुन्या माणसाने नव्याला दाखवायची असते. मी वंदनाताईंना फोन केला.

“बदलायचंय ना? मग आजपासूनच बदला. शिकवायला माझा माणूस येणार नाही,” आणि फोन बंद.

मला भयंकर राग आला. पण रागाने ट्रान्सफर होत नाही. हातात शनिवार-रविवार होता. मी कुलकर्णींना सांगितलं, नवा माणूस उद्याच पाठवा, शिकवायला आम्ही आहोत.

गणेश आला, लोणी काळभोरचा. अंगाने दणकट, हॉस्पिटलात काम केलेला. त्याने सरळ सुहासच्या काखेत हात घातले आणि उचललं. सुहासचे पाय एकदम कडक होऊन एकमेकांवर चढले. असा अचानक हात लागला की त्याचे स्नायू आखडतात. गणेशने घाबरून त्याला परत पलंगावर टेकवलं.

“बघा! म्हणून मी सांगत होते!” काकू धावत आल्या. मी दारातच आडवी उभी राहिले. आत्ता त्या आत आल्या असत्या तर सोमवार गेलाच होता.

सुहासला घाम फुटला होता. दम खाऊन तो म्हणाला, “गणेशराव… आधी सांगायचं. मी हो म्हणेन. मग उचलायचं.”

“चुकलं सर. आता सांगूनच हात लावतो.” गणेश खाली वाकला. “उचलू का?”

सुहासने पाय सैल होऊ दिले. वेळ लागला. “हो.”

या वेळी तो अलगद खुर्चीत आला. दोन्ही दिवस आम्ही तेवढंच केलं. पलंग, खुर्ची, बाथरूम, परत पलंग. रविवारी संध्याकाळी माझी पाठ दुखत होती आणि गणेश एकटा सगळं करत होता.

सोमवारी मी मुद्दाम गेले. गणेश वेळेवर आला. काकूंनी चहा पुढे केला, तर “काम झाल्यावर घेतो, आई,” म्हणाला. शर्ट कुठला, दाढी करायची का, मोजे आधी की पॅंट, सगळं सुहासला विचारत होता. काकू दोनदा दारापर्यंत आल्या. कोणी हाक मारली नाही, म्हणून दोनदा परत गेल्या. कॅब आली. सुहास ताठ बसून गेला. त्याने मागे वळून पाहिलंही नाही, आणि मला ते फार आवडलं.

काकू फाटकापाशी उभ्या होत्या. खांद्यावर त्याचा ओला टॉवेल तसाच.

“आता मी काय करू?” त्यांनी विचारलं.

“थोडं पडा की, काकू.”

“तसं नाही हो.” त्यांचे डोळे भरून आले. “दिवसभर काय करू?”

आम्ही पायरीवर बसलो. गणेशही घाईत निघून गेला होता. त्याला केलेला चहा तसाच राहिला होता, तो दोघींनी घेतला.

सुहासची नोकरी छान चालू आहे. ऑफिसातही तो लोकांना टोमणे मारतो असं ऐकते. माझ्यापुरता धडा एवढाच, की घरात नवी एजन्सी लावायची म्हणजे आईशी वेगळं बोलायला हवं. मुलाची नोकरी सुरू झाली त्याच सकाळी काकूंची सुटली होती.