दोन खोल्यांचं भाडं

मुलीला एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या मिळाल्या. एक म्युनिकला, दुसरी व्हिएन्नाला. तिचं शिक्षण जर्मनीतच झालं होतं आणि वसतिगृह सोडायची वेळ आली होती. फोनवर म्हणाली, "पप्पा, तुम्ही बघून सांगा. मला म्युनिकचा पगार मोठा दिसतोय, पण हातात काय उरतं ते तुम्हालाच कळंल."

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी हिशेबाचंच काम करतो. मुलीची आई गेल्यापासून घरात एकटाच असतो, त्यामुळं रविवार लई मोठा वाटतो. हा रविवार मात्र कसा गेला ते कळलं नाही.

कागदावर म्युनिकचा पगार बराच जास्त होता. पण कर, विमा आणि पेन्शन कापल्यावर त्यातला फरक तिसऱ्या हिश्श्यावर आला. व्हिएन्नात पगार वर्षातून चौदा वेळा होतो, हे मी आधी पाहिलंच नव्हतं. बाराचे चौदा केले. मग घरभाडं, वीज, किराणा, बसचा पास. रुपयांत काहीच मांडलं नाही. रुपये केले की तिथली कोथिंबीरसुद्धा सोन्याची वाटते.

व्हिएन्ना महिन्याला दोनशे पस्तीस युरोंनी पुढं निघालं. तक्ता पाठवून दिला.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"पप्पा, भाडं एवढं कसं काय धरलं?"

"दोन खोल्यांचं आहे ते."

"दोन कशाला? मी एकटीच तर राहणार."

"कुणी आलं-गेलं तर?"

ती हसली. "इथं कोण येतंय? सगळ्यांना आधी तारीख कळवावी लागते. तुम्ही पाचोडचा हिशेब लावलाय."

ते खरंच होतं. माझं लग्न झालं तेव्हा मी शहरात भाड्यानं घर बघत होतो. वडील गावाहून, पाचोडहून आले. घरमालकाशी बोलायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "आमचं अंथरूण कुठं पडंल?" एका खोलीचं घर त्यांनी बघितलंसुद्धा नाही. घर घ्यायचं म्हटलं की आई-वडिलांची जागा त्यात आलीच, हे आमच्याकडं कुणी वेगळं सांगत नाही. मीही दोन खोल्या धरल्या त्या विचार न करताच.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो. "एक करतो."

दोन्हीकडं एका खोलीचं भाडं घातलं. म्युनिकची दुसरी खोलीच लई महाग होती, ती गेली. म्युनिक पासष्ट युरोंनी वर आलं. पुढं पगारही तिथंच जास्त वाढणार होता. तसं तिला लिहून कळवलं. 'थँक्यू पप्पा' एवढं उत्तर आलं.

ती म्युनिकला गेली. तिनं मला जवळ बोलावलं नाही आणि मीही विषय काढला नाही. दोघांच्याही बोलण्यात फक्त आकडे होते, आणि ते बरोबर होते.

परवा तिनं खोलीचा फोटो पाठवला. पलंग, टेबल, एक खिडकी. 'छान आहे, उजेड भरपूर आहे,' असं मी लिहिलं. मग फोटो मोठा करून पाहिला. जमिनीवर लाकडी पट्ट्या आहेत. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या पट्ट्या मोजल्या आणि टेबलाच्या रुंदीवरून अंदाज बांधला.

एक गादी मावंल.