आवाज नाही म्हणून नापास

माझी धाकटी बहीण पहिलीत नापास झाली, त्याचा राग मला अजून येतो. नव्वदीच्या दशकातली, सुरतेतली गोष्ट.

गोडादऱ्यात आमची एकच खोली. वडील लूमच्या कारखान्यात रात्रपाळी करायचे आणि दिवसा त्याच खोलीत झोपायचे. चाळीच्या अख्ख्या ओळीत असेच बाप झोपलेले, त्यामुळे भांडं जरी वाजलं तरी शेजारीण दारात येऊन डोळे वटारायची. आम्ही अभ्याससुद्धा नुसते ओठ हलवून करायचो. बहीण तशीच वाचायला शिकली. मी बोट ठेवायचे आणि ती माझ्या कानात शब्द सांगायची. दिवाळीनंतर तर ती माझं तिसरीचं पुस्तकही वाचायला लागली.

आमच्या मराठी शाळेत पहिली आणि तिसरी एकाच खोलीत बसायची, म्हणून तिची परीक्षा मी डोळ्यांनी पाहिली. बेननी, म्हणजे आमच्या बाईंनी, तिला उभं केलं. तिनं घरच्यासारखंच वाचलं. "मोठ्यानं!" बेन ओरडल्या. ती घाबरली, होता तो आवाजही गेला. बेननी लगेच पुढच्या पोरीला उठवलं. त्या पोरीनं भलतंच पान उघडून, छताकडे बघत अख्खा धडा घडाघडा म्हटला. तिला पैकीच्या पैकी आणि आमची नापास. चोर सोडून संन्याशाला फाशी!

निकाल कळल्यावर आई आम्हा दोघींना घेऊन शाळेत गेली.

"बेन, मनी पोर वाचस. परत वाचाले लावा तिले."

बेननी आठ्या घालत पुस्तक पुढे केलं. आईनं त्यांना वाकायला सांगितलं, कान पोरीच्या तोंडाशी न्यायला लावला. बहिणीनं वर्गात कधी न शिकवलेलं पान न अडखळता वाचलं.

"येतंय की हिला," बेन म्हणाल्या. "पण निकाल लागला आता. पुढच्या वर्षी बघू."

चूक यांची आणि वर्ष आमचं! पोर तीच, वाचणं तेच, मग आधी यांनी मोजलं तरी काय? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आई मात्र बहिणीचा हात धरून घरी निघाली.

सुट्टीत गावी जायला आम्ही स्टँडवर उभे होतो. महाराष्ट्राची एसटी लागली.

"पाटी वाच बरं," आई बहिणीला म्हणाली, "आपलीच शे का?"

तिनं पाटीकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

"माले नही येत वाचता," ती म्हणाली. "मी नापास शे ना."